फिरता मंच आणि सात पोती सिमेंट

चि. भाचेबुवांस,



मोटरचा फोटो मिळाला. जुन्या बाजारातून वायपरची मोटर उचललीस, ती सुस्थितीत दिसते. मंडळाचा यंदाचा देखावा दोन मीटर व्यासाच्या फिरत्या मंचावर करायचा, त्यावर चार पोरं जिवंत देखाव्यातली पात्रं म्हणून उभी राहणार, मिनिटाला दोन फेरे, आणि या मोटरवर ते जमेल का, हा तुझा प्रश्न. "किती किलो झेपेल तेवढा आकडा सांगा, म्हणजे कार्यकर्त्यांना होकार देतो," असं लिहिलं आहेस. आकडा देतो, पण पत्राच्या शेवटीसुद्धा तो अर्धाच मिळेल. उरलेला अर्धा तुला मोजावा लागेल.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक. फिरत्या मंचाचं वजन मोटर उचलत नाही. वजन उचलतात खालची चाकं, बेअरिंग, सांगाडा आणि शेवटी जमीन. मोटरकडे काम एकच, ते वजन फिरवायचं. फिरवताना तिला तीन गोष्टी अडवतात: चाकांचं घर्षण, थांबलेल्या वस्तूचा थांबून राहण्याचा हट्ट आणि मंच कलता असेल तर चढ. या तिघांचा हिशेब वेगळा आणि वजन पेलण्याचा हिशेब वेगळा. दुकानदार मोटरच्या डबीवरचा आकडा दाखवून "शंभर किलो आरामात" म्हणतो, तेव्हा तो या दोन हिशेबांची खिचडी करत असतो.

वाफेच्या इंजिनांच्या काळात लोको शेडमध्ये इंजिनाचं तोंड वळवायला गोल खड्ड्यातली फिरती पट्टी असे, टर्नटेबल. शंभर टनांच्या आसपासचं इंजिन त्यावर चढवायचं आणि दोन-चार माणसांनी दांड्याला खांदा लावून ते फिरवायचं. माणसं काही पैलवान नसत. युक्ती अशी की ड्रायव्हर इंजिन वीतभर पुढे, वीतभर मागे घेत पट्टीचा तोल साधायचा. तोल साधला की सगळं वजन मधल्या खुंटीवर येतं आणि पट्टीच्या टोकांची चाकं रुळावर नुसती टेकून राहतात. तोल चुकला की वजनाचा काही भाग त्या टोकाच्या चाकांवर जातो. इंजिन तेच, माणसं तीच, पण आता पट्टी हलता हलत नाही. कारण घर्षण आता केंद्रापासून वीतभर अंतरावर राहिलेलं नसतं, ते दहा मीटर लांब गेलेलं असतं.

यातलं सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिही. फिरवायला लागणारा जोर, ज्याला तुम्ही टॉर्क म्हणता, तो म्हणजे वजन गुणिले घर्षणाचा टक्का गुणिले घर्षण केंद्रापासून जितक्या अंतरावर आहे ते अंतर. वजन या तिघांतला एकच. बाकीचे दोन तुझ्या हातात आहेत.

तुझ्या मंचाचं वजन मी असं धरतो. दोन मीटरचं गोल, एकोणीस एमएमचं प्लाय म्हणजे चाळीसेक किलो, खालचा अँगलचा सांगाडा तेवढाच, झाले ८०. पोरं साठ किलोची धरून चौघांचे २४०. मागचा पडदा, थर्माकोलचा खांब, बल्ब वगैरे ३०. एकूण ३५०. आता हेच वजन मधोमध एका चांगल्या थ्रस्ट बेअरिंगवर ठेवलं, तर घर्षण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि अंतर चार सेंटिमीटर. पावणेदोन किलो गुणिले चार, म्हणजे सात किलो-सेंटिमीटर. खेळण्यातली मोटरही फिरवेल! तेच वजन केंद्रापासून ८५ सेंटिमीटरवर बसवलेल्या कॅस्टर चाकांवर ठेव. प्लायवर फिरणाऱ्या चाकांचं घर्षण मी तीन टक्के धरतो. साडेदहा किलो गुणिले ८५, म्हणजे जवळपास ९००. वजनात एका ग्रॅमचाही फरक नाही आणि टॉर्क सव्वाशे पट. "ही मोटर किती किलो फिरवेल" या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर का नाही, ते आता कळलं असेल.

मग सगळं वजन मधल्या बेअरिंगवरच का घेऊ नये, असं तू विचारशील. मंचावर नुसती मूर्ती असती, मधोमध आणि जागची न हलणारी, तर मीही तेच सांगितलं असतं. पण पोरं हलतात. त्यातला एक घाम पुसायला कडेला सरकला की मंच तिकडे झुकणार आणि झुकण्याचा सगळा ताण त्या एकट्या बेअरिंगवर येणार. माणसं उभी राहणार असतील तर कडेजवळ चाकं हवीतच. तिथे मी टॉर्कची पर्वा करत नाही.

चाकं किती आणि कुठे, यात लोक फार हलगर्जीपणा करतात. चार चाकं ५० सेंटिमीटरवर बसवून मोकळे होतात, कारण बाजारात चारचा संच मिळतो. मंच चाकावरून उलटत नाही, दोन शेजारच्या चाकांना जोडणाऱ्या रेषेवरून उलटतो. चार चाकं ५० वर असतील तर ती रेषा केंद्रापासून फक्त ३५ सेंटिमीटरवर येते. आता साठ किलोचा एक पोरगा दोन चाकांच्या बरोबर मध्ये, केंद्रापासून ९० वर उभा राहिला. तो रेषेच्या ५५ सेंटिमीटर बाहेर: साठ गुणिले पंचावन्न, ३३००. मंचाला धरून ठेवणारं त्याचं स्वतःचं वजन: ऐंशी गुणिले पस्तीस, २८००. एकट्या पोरानं मंच उलटवला की नाही? तेच आठ चाकं ८५ वर घे. रेषा ७८ सेंटिमीटरच्या पुढे जाते. मग चौघेही एकाच बाजूला अगदी कडेवर जाऊन उभे राहिले तरी बाहेरचा जोर ५२०० च्या आत आणि आतला ६२०० च्या वर. मंच बसून राहतो. त्यासाठी टॉर्क वाढला तर वाढू दे.

चाक घेताना त्यावर कोरलेला किलोचा आकडा बघ आणि ३५० ला आठाने भागू नकोस. गणपतीच्या मांडवातली जमीन कधी सपाट नसते, सांगाडाही थोडा पिळलेला असतो, त्यामुळे आठांतली दोन-तीन चाकं हवेत तरंगतात. सगळं वजन तिघांवरच आलं आहे असं समजून चाल: ३५० भागिले तीन, ११७. म्हणून एकेक चाक निदान दीडशे किलोचं घे. तुझ्या मूळ प्रश्नाचं, म्हणजे किती किलो झेपेल याचं, खरं उत्तर इथे आहे. ते मोटरच्या कागदावर कधीच नसतं.

चाकं फिक्स घे, गरगर फिरणारी नकोत. ती दिशा बदलताना अडतात आणि सुरुवातीचा झटका मोटरला खावा लागतो. मी असतो तर चाकं खालच्या स्थिर चौकटीवर तोंड वर करून बसवली असती आणि मंचाच्या पोटाला पट्टीची गोल कडी मारली असती. म्हणजे प्लायच्या सांध्यावर चाक अडखळत नाही आणि पाणसळ एकदाच लावावी लागते. प्रत्येक चाकाचा आस केंद्राकडे रोखलेला हवा. मधल्या खिळ्याला दोरा बांध, चाकापर्यंत ताण आणि आस त्या दोऱ्याच्या रेषेत आहे का बघ. आस वाकडा असेल तर चाक गोल फिरण्याऐवजी खरडत जातं आणि माझे तीन टक्के कधी सहा होतील ते कळणारही नाही. वजन पेलायला रबरी चाक घेऊ नकोस, दहा दिवस एकाच जागी दबून राहिलं की चपटं होतं. नायलॉन किंवा पीयू बरं.

आता दुसरा अडथळा. ३५० किलोचा मंच उभा आहे आणि तू बटण दाबलंस. मिनिटाला दोन फेऱ्यांचा वेग त्याला किती वेळात घ्यायला लावतोस, त्यावर सगळं अवलंबून आहे. इथे वजनापेक्षा ते केंद्रापासून किती दूर आहे याला जास्त किंमत, कारण अंतराचा वर्ग होतो. पोरं केंद्रापासून ७० वर उभी असतील तर त्यांचा हट्ट मंचाच्या स्वतःच्या हट्टाच्या तिप्पट होतो. तीन सेकंदांत वेग पकडायचा ठरवलं, तर कडेवर साधारण एक किलोचा जादा जोर लागतो. अर्ध्या सेकंदात पकडायचा म्हटलंस तर सात किलो. म्हणून बटणाऐवजी फिरवायचा स्पीड कंट्रोलर लाव आणि तो हळूहळू वाढव. थांबतानाही तसंच. वायपरच्या मोटरमध्ये वर्म गिअर असतो. करंट बंद झाला की तो जागीच अडतो, पण वरचा मंच पुढे जायला बघतो आणि मधल्या मध्ये दाते खाल्ले जातात.

तिसरा अडथळा चढाचा. जमीन फक्त एक अंश कलती आहे, म्हणजे मीटरला पावणेदोन सेंटिमीटर, नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही. चारही पोरं आपापल्या जागी असतील तर काही बिघडत नाही, एक चढतो तेव्हा समोरचा उतरतो. पण दोघंच, एकाच बाजूला उभी असतील तर अर्धा फेरा मोटर त्यांना चढावर ओढते आणि उरलेला अर्धा फेरा तीच मोटरला ओढतात. कडेवर दीड किलोचा फरक. आकडा छोटा वाटतो, पण मंच एका जागी रेंगाळायचा आणि दुसऱ्या जागी पळायचा, हे लोकांना लगेच दिसतं.

बेरीज कर. घर्षणाचे कडेवर नऊ किलो, सुरुवातीचा एक-सव्वा, चढाचा दीड. बारा किलो धर. मंचाच्या कडेला दोरी बांधून बारा किलोच्या जोरानं ओढलं की तो फिरेल.

तुझी मोटर मधोमध, शाफ्टला थेट जोडली तर तिच्याकडून १२०० किलो-सेंटिमीटर मागशील, तेही मिनिटाला दोन फेऱ्यांवर. तिला ते शक्य नाही. पण जात्याचा खुंटा मधोमध नसतो. तो कडेला असतो, म्हणूनच आजी पहाटे तेवढा दगड एका हातानं फिरवायची. तूही मंच कडेला धर. मंचाच्या कडेला पाच सेंटिमीटर त्रिज्येचं रबरी चाक दाबून लाव. मंचाची त्रिज्या १००, चाकाची ५. चाकाचे वीस फेरे होतील तेव्हा मंचाचा एक. मंचाचे दोन फेरे हवेत तर चाकाचे ४०. वायपरची मोटर साधारण त्याच वेगाची असते, म्हणून तर मी तुझ्या खरेदीला नावं ठेवली नाहीत. आणि चाकाला लागणारा टॉर्क: बारा गुणिले पाच, ६० किलो-सेंटिमीटर. मोटर पूर्ण अडवल्यावर ती जो जोर दाखवते, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तुझे हे ६० बसले पाहिजेत, कारण वायपर काही रात्री आठपासून बारापर्यंत न थांबता काच पुसत नाही. जुन्या मोटरचा अडलेला जोर मोजणं सोपं आहे. शाफ्टला दहा सेंटिमीटरची पट्टी घट्ट लाव, टोकाला काटा अडकव, क्षणभर करंट दे, आकडा बघ आणि लगेच बंद कर. काट्यावर अठरा किलो किंवा जास्त आले तर हीच मोटर लाव. कमी आले तर ट्रकच्या वायपरची मोटर बघ.

वॅटचा घोळही इथेच मिटवू. कडेवर बारा किलोचा जोर आणि कडेचा वेग सेकंदाला २१ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम २५ वॅट. वर्ममध्ये निम्मं जातं, म्हणून ५०. बारा व्होल्टचा दहा अँपिअरचा एसएमपीएस पुरे. इतकी कमी शक्ती वाचून तुमचा इलेक्ट्रिशियन हसेल. त्याला अमेरिकेतल्या सिएटलचा स्पेस नीडल सांग. १९६२ साली उघडलेल्या त्या मनोऱ्यावरचं फिरतं हॉटेल साधारण २९ मीटर व्यासाचं आणि सुरुवातीला त्याला फिरवायला मोटर होती एका अश्वशक्तीची. ताशी एका फेऱ्याच्या हिशेबानं त्याची कडा सेकंदाला अडीच सेंटिमीटर सरकायची. एवढ्या सावकाश चालवायचं असेल तर एका अश्वशक्तीतून निम्मी शक्ती वाया घालवूनही दीड टनाची ओढ मिळते. वेग सोडला की जोर मिळतो. दोन्ही हवे असतील तर पैसे मोज.

त्याच १९६२ साली आपल्याकडे आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' रंगभूमीवर आलं, प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे आणि फिरता रंगमंच. लोक लखोबाबद्दल बोलतात, मला मात्र खालच्या चाकांबद्दल कुतूहल. जपानी लोकांनी हे फार आधी केलं होतं: ओसाकाच्या काबुकी रंगभूमीवर नामिकी शोझोनं १७५८ साली फिरता मंच आणला आणि तळघरातली माणसं तो ढकलत असत. मोटर त्यात फार नंतर आली. म्हणजे हा मूळचा मोटरचा विषयच नाही. माणसांनी ढकलून जो मंच गुळगुळीत फिरतो, त्याला कुठलीही मोटर चालते. माणसांनाही जो जड जातो, त्याला मोठी मोटर लावलीस तर तुझी मोटर जळेल किंवा सांगाडा तुटेल.

रबरी चाकाचा आणखी एक फायदा सांगतो, माझ्या मते सगळ्यात मोठा. ते घसरतं. स्प्रिंगनं तीस किलोचा दाब दिलास तर रबर प्लायच्या कडेवर पंधराएक किलोपर्यंत पकड देतं, पुढे नुसतं घसरतं. कुणाचा पाय मंच आणि कट्ट्याच्या मध्ये सापडला तर मोटर त्याला चिरडत बसणार नाही. साखळी किंवा थेट गिअर लावलास तर ही सोय जाते. पण तो तीस किलोचा दाब मोटरच्या शाफ्टवर टाकू नकोस. तिचा बुश आडवा भार झेलायला नसतो, आठवड्यात गाळा पडेल. रबरी चाकाला त्याचा स्वतःचा शाफ्ट आणि दोन बाजूंना दोन पेडेस्टल बेअरिंग दे, मोटर कपलिंगनं जोड. इथेही तोच नियम, मोटरवर भार नको.

मिनिटाला दोन फेऱ्यांवर पोरांना बाहेर फेकणारा जोर नगण्य असतो, त्यांच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. पण उत्साहाच्या भरात कुणी वेग दहापट केला, तर तो जोर शंभरपट होतो, कडेवर जवळपास निम्म्या वजनाएवढा. स्पीड कंट्रोलरच्या खटक्यावर वरची मर्यादा बांधून ठेव आणि खोका कुलपात ठेव. मंडळात उत्साही कार्यकर्ते किती असतात ते मला माहीत आहे. मंच चालू असताना कुणी चढायचं-उतरायचं नाही, हे पाटीवर न लिहिता एका शहाण्या माणसाला तिथे उभं करून सांभाळायचं. वरच्या बल्बांची वायर मधल्या पाइपमधून घे आणि स्लिप रिंग लाव, नाहीतर दहाव्या फेऱ्याला पीळ पडून ती तुटेल. स्लिप रिंग परवडत नसेल तर वर बॅटरी ठेव.

आता तू मोजायचा तो अर्धा हिशेब. माझे तीन टक्के हा अंदाज आहे आणि मी तुझी चाकं पाहिलेली नाहीत. मंच तयार झाला की कंत्राटदाराकडून सिमेंटची सात पोती मागून आण. पोतं पन्नास किलोचं. सहा पोती पोरांच्या नि पडद्याच्या जागी मांडलीस की मंचासकट ३८० होतात, म्हणजे आपल्या ३५० हून तीस जास्त, बिघडत नाही. सातवं पोतं हाताशी ठेव. प्रवासाची बॅग तोलायचा डिजिटल काटा कडेच्या हुकाला अडकव आणि कडेला समांतर, अगदी सावकाश ओढ. सुटतानाचा आकडा वेगळा लिही, चालू असतानाचा वेगळा. पूर्ण फेरा ओढ आणि दर वीतभर अंतरावर आकडा बघ. चालू आकडा साडेनऊ-दहाच्या आसपास आला तर माझे तीन टक्के बरोबर. वीस आला तर चाकांचे आस पुन्हा दोऱ्यावर तपास. फेऱ्यात एकाच जागी आकडा उडी मारत असेल तर तिथे सांधा वर आला आहे. अर्ध्या फेऱ्यात वाढून अर्ध्यात उतरत असेल तर जमीन कलती आहे, पाचर मार. मग सातवं पोतं पार कडेवर ठेव, मंच एका बाजूला उचलतो का ते वाकून बघ, आणि कुठल्या चाकाखाली कागद सरकतो ते खडूनं मांड. ते चाक हवेत आहे.

हे सगळं पोरांना वर चढवण्याआधी करायचं. आकड्यांचा कागद आणि मोटरच्या पट्टीवरचा काट्याचा आकडा फोटो काढून पाठव. नागपंचमीच्या आत पाठवलास तर मोटर बदलायला वेळ उरेल, आणि तुझ्या मामीला मोदकांचे साचे हवे आहेत, तेही जुन्या बाजारात बघ.

तुझा
मामा